कोरा फोटो

३ नोव्हेंबर, शेलूबाजार

नागपूरहून निघालेली मी दुपारी जीपमधून उतरले, अंगभर धूळ आणि मांडीवर सांभाळलेली कॅमेऱ्याची पेटी. मुक्काम मारोतरावांकडे. त्यांचं सोयाबीनचं गोदाम आमच्या कंपनीने भाड्याने घेतलंय, कारण त्याला एकही खिडकी नाही आणि माझ्या कामाला अंधारच लागतो. त्यांच्या मंडळी गोजराबाई फार मोकळ्या. आल्याआल्या वांग्याची भाजी वाढली आणि एवढी वाळलेली पोरगी मशीन काय उचलणार म्हणून हसल्या. मला इथं करमेल असं दिसतंय.

४ नोव्हेंबर

काम नीट लिहून ठेवते, म्हणजे आईला फोनवर समजावता येईल. हा कॅमेरा ड्रोनवर बसणार. पानावरून परतणारा प्रकाश कोणत्या दिशेने कंपतो ते तो ओळखतो, त्यावरून संत्र्याचा रोग लवकर कळतो. पण सगळ्या रंगांना तो सारखी दाद देत नाही. म्हणून आतून पांढऱ्या पोकळ गोळ्यात एकेका रंगाचा प्रकाश सोडायचा, कॅमेऱ्यामागून हात घालून त्याच्या पुढची काच फिरवायची आणि फोटो घ्यायचे. समोर नुसता सपाट उजेड हवा. त्या कोऱ्या फोटोत जे वेगळं दिसेल ती कॅमेऱ्याची खोड समजायची आणि पुढच्या प्रत्येक फोटोतून वजा करायची.

६ नोव्हेंबर

पूजा न करता नवं मशीन कोणी चालू करतं का, म्हणत गोजराबाई ताट घेऊन आत शिरल्या. मी नको म्हणेपर्यंत गोळ्यासमोर वाकून कुंकू लावायला लागल्या. "काहून घाबरून राह्यली वं? तुयाच भल्याचं हाय." फोटो चालूच होते. सगळं पुन्हा करायचं तर दिवस गेला असता. मी कंटाळा केला. इतक्या फोटोंच्या सरासरीत एक बाई काय दिसणार?

९ नोव्हेंबर

कोऱ्या फोटोंची फाईल पाठवली. नागपूरचे साहेब खूश. चाचणी म्हणून ती वजा करून अंगणाचा फोटो काढला. फोटोत मारोतराव आले, शेळी आली, बाज आली. बाजेवर बसलेल्या गोजराबाई आल्या नाहीत. माझं गणित चुकलं असतं तर तिथं डाग पडायला हवा होता. डाग नाही. त्यांच्या मागची भिंत स्वच्छ आली आहे.

१० नोव्हेंबर

सकाळी चुलीपुढे मारोतराव. भाकरी थापायची सवय नाही, फाटत होती. मी बाईंचं विचारलं तर म्हणाले, बाई नसलेल्या घरात मानसालेच करा लागते. दोरीवर गोजराबाईंचं लुगडं वाळत होतं. त्यांनी ते ओढलं आणि त्याने तवा पुसला.

मला रडू यायला हवं होतं. मी भाकरी खाल्ली.

११ नोव्हेंबर

फाईल पुसली. रिकाम्या गोदामात सगळं पहिल्यापासून घेतलं, तर गोजराबाई परत येतील असं वाटलं. दार आतून लावून घेतलं. एकेक रंग, एकेक फोटो. काम अगदी स्वच्छ झालं.

अंगणात बाज रिकामीच.

१३ नोव्हेंबर

वाशिमला जायला जीपमध्ये बसले. एक माणूस आला आणि माझ्या जागेवर बसला. माझ्यावरच. मला वजन लागलं, त्याला काही नाही. कशीबशी उतरले.

रिकामं गोदाम कसलं — या वेळी घाईत काच फिरवायला मी गोळ्यासमोरच उभी होते. प्रत्येक फोटोला. प्रत्येक रंगात.

१४ नोव्हेंबर

आईला फोन लावला. मी बोलत होते. ती बाबांना म्हणाली, कोणी बोलतच नाही. ठेवला.

फाईल पुन्हा पुसली. काही फरक — नाही.

१५

गोदामातच होते. मारोतराव दारात आले. मी त्यांच्यासमोर — हाका मारल्या, सदरा धरला. त्यांनी दार ओढलं. बाहेरून कुलूप.

गोळा उजळलेला आहे. त्याच्याजवळ गोजराबाई बसल्या आहेत. इतके दिवस इथंच असाव्यात. मला पाहून सरकल्या, जागा केली. म्हणाल्या, सगळ्याइले आवाज देऊन राह्यली, कोनी वळूनच पाहात नाही. मी कोनाचं काय वाईट केलं वं —

भीती वाटत नाही. काहीच वाटत नाही. त्या माझ्याकडे बघतायत. त्यांना सांगायला हवं की तुम्ही काही नाही केलं, ती फाईल मीच तशी ठेव—