साब ९०० टर्बो: एक निःपक्षपाती तुलना

४ ऑक्टोबर, शनिवार
ठरलं. डिसेंबरअखेर जुनी साब ९०० टर्बो घ्यायची आणि स्वतः चालवायची. सत्तेचाळिसाव्या वर्षी बायकोच्या शेजारी बसून ऑफिसला जाणं बास झालं. उमेदवार दोन: अजमानला शौकतभाईंच्या गॅरेजमधली मॅन्युअल हॅचबॅक आणि आमच्या जेएलटीतल्या इमारतीच्याच बेसमेंटमधली, सदानंद प्रधानांची ऑटोमॅटिक कन्व्हर्टिबल. घाई नको. एक्सेलमध्ये बेचाळीस निकष मांडले.
लायसन्स तेवढं बाकी. मॅन्युअलचंच काढणार. ऑटोमॅटिकचं काढलं तर इथे मॅन्युअल चालवता येत नाही.

११ ऑक्टोबर
अजमान. शौकतभाईंनी चालवली, मी बाजूला बसून गिअर ऐकले. टर्बो जरा विचार करतो, मग पाठीला हात लावून ढकलतो. माझ्यासारखाच. शौकतभाई म्हणाले, शैलेंद्रभाऊ, ही गाडी तुम्हाला दाखवून दाखवून जुनी झाली. हसलो. अभ्यासाला वेळ लागतो.

२१ ऑक्टोबर
रोड टेस्ट. नापास, पाचव्यांदा. कारण: विनाकारण थांबणे. फुटपाथवर माणूस उभा होता. त्याने रस्ता ओलांडला असता तर?

२ नोव्हेंबर
माझा कल आधीपासूनच हॅचबॅककडे आहे का? रात्रभर तपासलं. नाही. कन्व्हर्टिबल खरोखरच कमी पडते. छप्पर सैल, मागची काच धुरकट, तीन गिअरांत टर्बोचा जीव गुदमरतो. एकूण दहा दोष.
इरा म्हणाली, बाबा, इट्स अ कार, नॉट अ पीएचडी.

९ नोव्हेंबर
तुलनेचा अहवाल जुन्या गाड्यांच्या संग्राहकांच्या ग्रुपवर टाकला. चौदा पानं. प्रधानांना वाईट वाटेल, पण सत्य लपवणं त्यांच्यावरच अन्याय. त्यांनी नुसता अंगठा पाठवला. मोठ्या मनाचा माणूस.

२५ नोव्हेंबर
सहावी. गाडी चढावर बंद पडली. चढ चुकीचा होता.

९ डिसेंबर
सातवी. परीक्षक म्हणाला, खलास हबीबी, ऑटोमॅटिक लो. घरी अनुराधा म्हणाली, मी हेच तीन वर्षं सांगतेय, पण मला अरबी येत नाही ना.

१० डिसेंबर
निकषांचं वजन पुन्हा तपासलं. रोजच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाला होणारा त्रास मी फारच कमी धरला होता. दुरुस्ती केली. कन्व्हर्टिबल ६१, हॅचबॅक ५८. ही माघार नाही. आकडे आहेत.

२३ डिसेंबर
ऑटोमॅटिकची टेस्ट. पास! पहिल्या फटक्यात.
संध्याकाळी पेढे घेऊन प्रधानांकडे. कन्व्हर्टिबल घेतो, म्हणालो. ते म्हणाले, परवाच गेली. शारजाची उमैमा म्हणून एक मुलगी आली होती, तुमचा अहवाल प्रिंट करून. एकेका दोषावर बोट ठेवत तिने भाव पाडला. दहाच्या दहा. पेढा कसला आहे?
छप्पर खरंच सैल होतं, असं मी म्हणालो. ते म्हणाले, हो, तिनेही वाचून दाखवलं.

२४ डिसेंबर
उमैमाने ग्रुपवर फोटो टाकलाय. छप्पर उघडं. खाली: थँक्यू, रिपोर्टवाले अंकल.
अनुराधाने तिच्या पांढऱ्या कोरोलाची किल्ली पुढे केली. म्हणाली, ही पण ऑटोमॅटिकच आहे. दूध आण. आणि रस्त्यात कुणासाठी थांबू नकोस, संपतं ते लवकर.