घळीत मारलेल्या तीन हाका

५ डिसेंबर
ठरलं! पुढच्या शनिवारी पाटणच्या वरच्या घळीत ट्रेक, रात्रीचं कॅम्पिंग. मी, सूरज, त्याच्या वर्गातली शिवांजली, तिची बहीण माया. लीडर मीच. मी कॉलेज सोडलं तेव्हा शिवांजली म्हणाली होती, तू कुठलीच गोष्ट शेवटाला नेत नाहीस. आता बघच म्हणावं. थेट प्रपोज.

८ डिसेंबर
रोज पहाटे पळायचं. थंडी लय. उद्यापासून.
प्लॅन पक्का : कड्यावर चढून तिच्या नावानं तीन हाका. समोरचा कडा प्रत्येक हाक परत देतो म्हणे. म्हणजे सहा. कुठली पोरगी नाही म्हणेल?

१२ डिसेंबर
सूरज म्हणतो, वरच्या वाडीतला वाटाड्या घेऊ. भडकलो. इस्लामपूरच्या सपाट उसात वाढलो म्हणून काय झालं? ट्रॉलीला ऊस आवळायचा दोर घेतलाय. पुरे.

१३ डिसेंबर, दुपारी ४
पोचलो. वाट दोनदा चुकली नाही, मुद्दाम फिरवून आणलं, निसर्ग दिसावा म्हणून. माझा तंबू दोनदा पडला. वारा. शिवांजली हसली. माझ्याकडे बघून!

१४ डिसेंबर, सकाळी ७
ती चहा ठेवतेय. मी चढतो.

त्याच दिवशी, दुपार
हाका एक नंबर झाल्या. घळ दणाणली. पण मग वाडीतून आवाज आला, "थांब रं, आलो!" दहा मिनिटांत पंधरा माणसं दोर, घोंगडी घेऊन पळत खाली. इथं घळीतून एखाद्याचं नाव तीनदा आलं की ते माणूस कड्यावरून पडलं, असं धरतात. मला कोण सांगणार?
धोंडुबाई म्हणून एक म्हातारी धापा टाकत म्हणाली, "शिवांजली कुठं पडलीया?"
शिवांजली हातात पातेलं घेऊन उभी. "मीच ती, आजी. पडले नाही."
म्हातारीनं वर बघितलं. "मग ह्यो का बोंबलतोय?"
खरं तर मला उतरता येत नव्हतं. माझा दोर खाली सॅकमध्ये.
"आलोयच तर ह्यालाच काढा," धोंडुबाई म्हणाली.
एवढी माणसं कामं टाकून आलेली, त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्या दोरानं उतरलो.
प्रपोज राहिलं. शिवांजली गाडीत घरापर्यंत माझ्याकडे पाठ करून बसली. भावना अनावर झाल्या असणार.

२१ डिसेंबर
शिवांजली आणि सूरज वाडीची माफी मागायला परत गेले होते. घळीच्या तोंडाशी पाटी लावली. मायानं फोटो पाठवला. शिवांजलीचं अक्षर, लाल रंगात : 'घळीत कुणाच्या नावानं हाका मारू नयेत. माणसं कामं टाकून येतात.'
तिनं माझ्यासाठी लिहिलेली पहिली ओळ! वॉलपेपर ठेवलाय.
पाटीशेजारी ती आणि सूरज. हात घट्ट धरलेत.
वारा लय असतो तिथं.