टेपने मोजलेलं विमान

ती. अक्काला, गळ्यातली टेपही न काढता, धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का? मेहुण्यांचा खोकला थांबला नसेल, तर माझ्या वतीने त्यांना रागव. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे काल दुपारपर्यंत नव्हतं, आता आहे.

लेक बाळंत व्हायची म्हणून तुझी भावजय परवा निघाली (आयुष्यात पहिल्यांदाच विमानात, तीही एकटी. ही बाई आपल्या गल्लीतल्या बाजारात वाट चुकते!). तिला विमानतळावर सोडून दुकान उघडलं, पण मशीनवर पाय चालेना. शेवटी शेजारच्या वह्यापुस्तकांच्या दुकानातून जगाचा नकाशा आणला, कापायच्या टेबलावर पसरला आणि आपलं गाव ते लेकीचं गाव टेपने मोजलं. खालच्या प्रमाणावरून किलोमीटर काढले, विमानाच्या वेगाने भागले. (जन्मभर कपडे शिवले, मापात माझी चूक काढून दाखवावी कोणी!) हिशेब असा की काल सकाळी चहाच्या वेळेला फोन यायलाच हवा.

चहा झाला. दुसरा झाला. फोन नाही. लेकीचा फोन बंद, जावयाचा नुसता वाजतोय. माझ्या डोळ्यांपुढे समुद्रच समुद्र. त्या तंद्रीत बँकेच्या मॅनेजरच्या पँटचा एक पाय मी वीतभर आखूड कापला.

तेवढ्यात शाळेतल्या भूगोलाच्या बाई ब्लाउज न्यायला आल्या. नकाशावर टेप पाहून म्हणाल्या, "अहो, पृथ्वी गोल, नकाशा सपाट. विमान असं आडवं जात नाही, वरच्या अंगाने वळसा घेतं. तोच रस्ता जवळचा पडतो."

"मग तर आधीच पोचायला हवी होती!" मी किंचाळलोच.

बाईंनी मला स्टुलावर बसवलं. "मध्ये विमान बदलायचं होतं का?"

अक्का, होतं! मधल्या विमानतळावर चांगला अर्धा दिवस थांबायचं होतं. हिने मला तीनदा सांगितलं होतं, पण मी तेव्हा बॅगेच्या पट्ट्याला दुहेरी शिलाई मारत होतो. "आणि तिकडे आत्ता कुठे पहाट होतेय, फोन कोण उचलणार?" असं म्हणून बाई माझ्या सोबतीला तिथेच बसून राहिल्या.

जेवणवेळ टळून गेल्यावर फोन वाजला. "अहो, पोचले. नात झाली. दोघी छान आहेत. आणि गॅस बंद केलात ना?" लेकीची शेजारीण हिला विमानतळावरून थेट दवाखान्यातच घेऊन गेली होती, जावई रात्रभर तिथेच होते. मधल्या विमानतळावर एका गोंधळलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला हिनेच वाट दाखवली म्हणे. मी कापडाच्या ढिगावर बसून रडलो, आणि बाई ब्लाउजच्या पुडक्याने मला वारा घालत राहिल्या.

तुझा भाऊ

ता. क. नातीला बघायला मलाही बोलावलंय. तू सोबत येशील का? भीतीबिती काही नाही. विमान वर चढताना कोणाचा तरी हात धरलेला बरा, असं ऐकलंय.

आणखी एक ता. क. तू हो म्हणशील असं धरून तुझंही तिकीट काढलंय. खिडकीची जागा तुझी. मी काही खाली बघणार नाहीये.