तुझी नारिंगी छत्री

नजरबाद, म्हैसूर
बुधवार, ३ ऑक्टोबर २०१८

प्रिय तुळसी हिस रंगराव आजोबांचे मनःपूर्वक आशीर्वाद.

टपालाने पत्र आलेले पाहून घाबरू नकोस. घरी सर्व जण खुशाल आहेत. तुझे वडील कामावर जातात-येतात, तुझ्या आईचा गुडघा पावसाळ्यानंतर बरा आहे, आणि मी तर इतका ठणठणीत आहे की गेले चार महिने दर रविवारी पहाटेच्या बसने बेळगोळला जातो व तेथून धावपट्टीपर्यंत दोन मैल चालतो. होय, तीच धावपट्टी, जिथून तू विमानात चढत होतीस. आता कुठेतरी नीट बसून पुढचे वाच. हैदराबादला नोकरीवर जाताना तू तुझी नारिंगी छत्री माझ्याकडे टाकून गेलीस व म्हणालीस, हिच्या पिशव्या शिवून टाका. मी तिला पिशवीसाठी कात्री लावली नाही. ती दुरुस्त झाली आहे. एवढेच नव्हे, परवाच्या रविवारी ती पाच हजार फुटांवर उघडली आणि मी ते या दोन डोळ्यांनी पाहिले. तू म्हणशील, ही दुरुस्त होणार नाही असे तुम्हीच तर सांगितले होते. त्याचे उत्तर मी याच पत्रात देणार आहे. ते लिहिण्यास मला थोडा धीर गोळा करावा लागेल, म्हणून आधी आनंदाचे लिहितो.

जून महिन्यात एके दुपारी जयतीर्थ नावाचे पस्तिशीचे गृहस्थ दुकानात आले. तुझ्या क्लबने त्यांना नव्याने नेमले आहे. हवाई छत्र्या तपासणे व दुरुस्त करणे हे काम ते परदेशात तीन वर्षे शिकले, त्याचा परवाना त्यांच्यापाशी आहे, आणि ते काम करणाऱ्याला रिगर म्हणतात हे तुला मी सांगायला नको. तू क्लबात होतीस तेव्हा असा माणूस तेथे नव्हता. तुझी छत्री बाभळीत अडकून फाटल्याची हकीकत क्लबातल्या लोकांनी त्यांना सांगितली होती व ती एकदा पाहावी अशी त्यांची इच्छा होती. मी माळ्यावरून ती काढून दिली. त्यांनी ती उलगडत नेली, उलगडत नेली, ती दुकानात मावेना, उंबऱ्यावरून बाहेर फुटपाथवर गेली. शेजारच्या दुकानातले मानाजीराव चष्मा वर करून बाहेर आले आणि विचारू लागले की हा कुणाच्या लग्नाचा मांडव, आणि नवरदेव काय वरून येणार आहे. जयतीर्थ तिकडे लक्ष न देता फाटलेल्या जागेपाशी गुडघ्यांवर बसले. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांवरून गेलेली ती अडीच हातांची चीर त्यांनी बोटाने मोजली व माझ्याकडे वर पाहून म्हणाले, ‘अज्जा, एवढंच? मग तेव्हाच का नाही केलं?’ मी काहीतरी उत्तर दिले.

त्यांनी अट घातली. मी शिवावे, पण त्यांच्या डोळ्यांसमोर, क्लबच्या मशीनवर, त्यांनी दिलेल्या कापडाने, दोऱ्याने व त्यांच्या नियमाने. काम तपासणीत उतरले तर छत्री आकाशात जाईल. न उतरले तर ते स्वतः तिचे तुकडे करतील, कारण शंका असलेली छत्री अखंड ठेवली तर उद्या कोणीतरी ती पाठीवर घेतोच. मला ही अट अपमानाची वाटली. चौथी संपताच, वयाच्या अकराव्या वर्षी, मी वडिलांच्या शेजारी मशीनवर बसलो. त्रेसष्ट वर्षांत माझ्या हातचा एकही कपडा परत आलेला नाही, हे मी त्यांना उभे राहून सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि रविवारी सात वाजता यावे असे सांगून गेले.

तुळसी, पहिल्याच रविवारी माझे काम परत आले. मी ठिगळ कापले, चारही बाजूंनी कड दुमडली आणि माझे ठेवणीतले बारीक टाके घातले, इंचाला चौदा, ज्यांच्यासाठी लोक नजरबादेत माझे दुकान शोधत येतात. जयतीर्थांनी ते कापड खिडकीच्या उजेडात धरले. टपालाचे तिकीट फाडता यावे म्हणून कडेला जशी भोके पाडलेली असतात, तशी सुईची भोके ओळीने चमकत होती. त्यांनी मला नुसते पाहू दिले. या कापडात जितके टाके जास्त तितके ते दुबळे होते; इंचाला नऊ, दहा, त्यापुढे नाही. ज्या हाताचा मी आयुष्यभर अभिमान बाळगला, तोच हात तेथे दोष ठरला. शिवण उसवली तरी या कापडातली भोके बुजत नाहीत, म्हणून सगळा भाग कापून टाकावा लागला व ठिगळ आणखी मोठे झाले. पुढच्या खेपेस टाके अगदी नियमाप्रमाणे पडले. मला इतका आनंद झाला की सवयीने मी शिवणीवर फिरवायला इस्त्री उचलली. जयतीर्थांनी माझे मनगट असे धरले की मशीनवरची कात्री खाली पडली. ‘अज्जा, बेडा, बेडा! नको! वितळेल ते!’ म्हणून ते ओरडले, आणि मग वडीलधाऱ्या माणसाचा हात धरला म्हणून इतके ओशाळले की मलाच त्यांना बसवून पाणी द्यावे लागले. इस्त्री कापडाला लागली नव्हती. त्या दिवसापासून मी तेथे शिकाऊ माणसाप्रमाणे वागू लागलो व विचारल्याशिवाय कशालाही हात लावेनासा झालो. या वयात हे कठीण जाईल असे वाटले होते. उलट, तुला सांगण्यास हरकत नाही, शनिवारी रात्री मला झोप लवकर येईना.

तुमच्या त्या जगाला मी दुरून वेड समजत होतो. पहिल्या दिवशी तर माझी खात्रीच पटली. चांगले शिकलेले इंजिनियर, डॉक्टर, एक कॉलेजातल्या प्राध्यापिका, सर्व जण चपला घालून गवतावर वाकून चालत होते, एकमेकांची मनगटे धरत होते, सोडत होते, गोल फिरत होते. मग कळले की वर गेल्यावर जे अर्ध्या मिनिटात करायचे त्याची ही तालीम. कोट अंगावर बेतून पाहिल्याशिवाय मी तरी कुठे पक्की शिलाई घालतो? त्यानंतर मी त्यांच्याकडे आदराने पाहू लागलो. वारा वाढला की कोणी हट्ट करत नाही. कापडाचा तो लांबट वाराफुगा खांबावर आडवा झाला की सर्व जण मुकाट्याने चटईवर बसतात आणि एकमेकांची थट्टा सुरू होते. उसाच्या फडात उतरणाऱ्याने सर्वांना रस पाजायचा हा दंड तुझ्या वेळी होता की नाही ठाऊक नाही, पण प्राध्यापिकाबाईंनी या मोसमात तीन वेळा पाजला व चौथ्या वेळी शेतकऱ्यानेच त्यांना घागर भरून दिली. मला मात्र सर्वांत आवडली ती एक गोष्ट: विमानाकडे जाण्यापूर्वी प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाठ करून उभा राहतो, आणि दुसऱ्याने पट्टे, बकले व छत्री बांधून ठेवणारी ती लहानशी खीळ पाहून खांद्यावर थाप दिल्याशिवाय पाऊल उचलत नाही. मोठे अधिकारीही कालच्या मुलांकडे पाठ करतात. तेथे मला सर्व अज्जा म्हणतात. माझे नाव रंगराव असल्याचे मी दोन वेळा सांगून पाहिले, नंतर सोडून दिले.

आता रविवारचे. शनिवारीच मला बोलावून जयतीर्थांनी छत्री पूर्ण पसरून तपासली. एकेक दोरी ओढून पाहिली, ठिगळावर दोन्ही बाजूंनी हात फिरवला, पट्टी लावून टाके मोजले, तोंड लावून फुंकर मारली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, कारण आत माझ्याने उभे राहवेना. सव्वा तासाने ते आले व त्यांनी वहीवर सही केली. मी तपासणीत उत्तीर्ण झालो, तुळसी. चौथीच्या निकालाला मला एवढे वाटले नव्हते. पण सहीनंतर कोणीतरी ती पाठीवर घ्यायला हवी. विशालाक्षीबाई, ज्यांनी तुला पहिली उडी शिकवली आणि ज्या आता बँकेतून निवृत्त झाल्या आहेत, त्या पुढे आल्या. सहाशेहून अधिक उड्या झालेल्या त्या बाई; मी त्यांना म्हटले की विचार करा, हे एका शिंप्याचे पहिलेच काम आहे. त्या म्हणाल्या, ‘दुसरी छत्री आहे की पाठीवर, अज्जा. ती जयतीर्थाने बांधलीय. तुमच्यावर विश्वास ठेवते, पण सगळा नाही.’ मला हे उत्तर फार योग्य वाटले. छत्रीची घडी त्यांनी स्वतः घातली. गुडघ्यांनी हवा काढत त्या पुढे सरकत होत्या आणि मी शेजारी उभा राहून प्रत्येक दुमड पाहत होतो. ते वीस हात कापड एवढ्याशा पिशवीत जाते, हे मी डोळ्यांनी पाहूनही मला अजून पटलेले नाही.

विमान चामुंडीच्या डोंगराकडे वळून लहान लहान होत गेले. मग त्याचा आवाज एकदम मंदावला. जयतीर्थ म्हणाले, आता. मी मोजू लागलो. मला वर काहीच दिसेना. नुसते निळे आकाश, आणि माझ्या मानेत कळ. वीस झाले, पंचवीस झाले, एकतीसपर्यंत आलो आणि वरून कोरे कापड झटकल्यासारखा फट्ट असा आवाज झाला. नारिंगी, तुळसी! एवढीशी, नखाएवढी, पण चौकोनी, सरळ, सगळे कप्पे भरलेले. कोणीतरी ओरडत होते. तो मीच असल्याचे मला नंतर सांगण्यात आले. बाई डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या, दोन्ही दोऱ्या ओढून तिला जागीच थोपवून पाहिले, आणि खाली येता येता आमच्या डोक्यांवरून गेल्या तेव्हा जुन्या फिकट नारिंगी रंगात माझे ते गडद ठिगळ मला स्वच्छ दिसले. हवेने ताणलेले होते व एकही सुरकुती नव्हती. विशालाक्षीबाई मैदानाच्या मधोमध उभ्यानेच उतरल्या आणि तेथूनच अंगठा वर केला. मी माझी टोपी काढली. का काढली ते ठाऊक नाही.

प्रथमच काही केले की सर्वांना खाऊ घालायचे हा तुमचा रिवाज जयतीर्थांनी मला आधीच सांगून ठेवला होता. मी घरात कोणाला सांगणार नव्हतो, पण तुझ्या आईला सर्व ठाऊक असते. शुक्रवारी तिने फक्त तेथे किती माणसे असतात एवढे विचारले, आणि शनिवारी दिवसभर उभी राहून चिरोटे केले. डबा माझ्या हाती देताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. प्राध्यापिकाबाईंनी चार खाल्ले.

आता ते उत्तर. गेल्या वर्षी मार्गशीर्षात तू छत्री घेऊन दुकानात आलीस, तेव्हा सुईत दोरा ओवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मला कळले होते की हे काम होईल. तुझ्या कोपराला पट्टी बांधलेली होती. मी कापड हातात धरून त्या पट्टीकडेच पाहत होतो, आणि म्हणालो की होणार नाही. तू दुसऱ्या कोणाला विचारायलाही गेली नाहीस. सोबत आलेल्या मैत्रिणीला तू दारातच सांगितलेस, ‘अज्जा कापडाबद्दल खोटं बोलत नाहीत.’ मी ते ऐकले आणि गप्प राहिलो. जूनमध्ये जयतीर्थांनी विचारले तेव्हाही योग्य दोरा मिळत नव्हता असे सांगून मी वेळ मारून नेली. त्या वेळी मी शिवली असती तर बारीक टाके घालून बिघडवलीच असती, अशी एक सबब मला आता सापडली आहे. ती खरी आहे. परंतु त्या दिवशी ती मला ठाऊक नव्हती, म्हणून मी ती घेणार नाही. रविवारी डबा फिरत असताना मी हे सर्वांसमोर सांगितले. विशालाक्षीबाई म्हणाल्या, ‘हे आम्हाला कशाला, अज्जा? तिला सांगा.’ फोनवर मी शब्द फिरवला असता, म्हणून लिहीत आहे. छत्री क्लबच्या कपाटात तुझ्या नावाने ठेवली आहे. तू परत यावेस म्हणून हे पत्र नाही. तुझ्या आईला भीती वाटते, मलाही वाटते, आणि विशालाक्षीबाई खाली येईपर्यंत ती किती वाटते हेही मला कळले. तुला आवड राहिली नसेल, सवड नसेल, तुझे स्वतःचे काही कारण असेल, तर उडी सोडून दे. त्यात कमीपणा नाही. परंतु माझ्या शब्दावर विसंबून सोडली असशील, तर तसे करू नकोस. तो शब्द खोटा होता.

तुझाच आजोबा,
रंगराव