डावा कौल

शिवाजी पेठ, कोल्हापूर
४ मे २०२५

चि. अनुजास,
आत्याचे मनापासून आशीर्वाद.

दादाचा, म्हणजे तुझ्या पप्पांचा, सकाळी फोन आला. कोडोलीच्या देवीला तुझा कौल लावला, डावा पडला, म्हणून एम.एस्सी.चं दुसरं वर्ष बंद, हे त्यानं दुधाचा दर सांगावा तसं सांगितलं! तुझ्या भावाला, आदर्शला, पुण्याला क्लासला धाडताना कौल लावलेलास का, असं मी विचारलं. तर म्हणाला, पोराचं देवाला काय इचारायचं, ते त्याच्या मनगटावर हाय.

माझ्या वेळी तुझ्या आजोबांनी, आण्णांनी हेच केलं. आमच्या शाळेच्या सिस्टर अ‍ॅग्नेस भर उन्हात दारात आल्या, पोरीला कॉलेजात घाला म्हणाल्या. आण्णांनी त्यांना ताक पाजलं आणि कौल डावा आहे म्हणून वाटेला लावलं. तोच संताप आज पुन्हा उसळला. तू गप्प का, कार्टे?

तुझ्यावर जीव टाकणारी,
संयोगिता आत्या

हैदराबाद
११ मे २०२५

ती. आत्यास,
अनुजाचा शि. सा. न.

पप्पांना एवढंच म्हणाले की देवाच्या मनात असेल तसं. फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला. माझी रूममेट दाफी शिलाँगची. त्यांच्यात आडनाव आईचं, घर धाकट्या मुलीचं. तिनं हसून विचारलं, तुमचा देव फक्त मुलींनाच नाही म्हणतो का? मला तिचाही राग आला. मला सायकल शिकवताना पप्पांनी गुडघे फोडून घेतलेले तिला काय ठाऊक? मग तिनंच सांगितलं, घर आईचं असलं तरी दाफीनं काय शिकायचं ते तिच्या मामानं ठरवलं. घ्या!

आत्या, मला शिकायचंय, पण पप्पांशी तोडून नाही. तू बोल. थोडंच रागाव.

तुझ्या मायेची हक्कदार,
अनुजा

कोल्हापूर
१९ मे २०२५

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद.

थोडंच रागवायला जमलं नाही. आदर्शचाही कौल लाव, नाहीतर तुझ्या घरचं पाणी पिणार नाही, असं दादाला बजावलं. चिडून तयार झाला. गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. डावीच पडली! दादा गुरवावर खेकसला, कळी लई ओली हुती, परत लाव.

देवळात कधी तोंड न उघडणारी तुझी आई पदर सावरून म्हणाली, मग पोरीचीबी ओलीच आसल की.

दादा तसाच बाहेर पडला. संध्याकाळी मला म्हणाला, पोरीला शिक म्हणावं, देवीनं परवानगी दिली असं कळीव.

मी तसं कळवणार नाही. देवी काही बोलली नाही. तुझी आई बोलली.

अशीच माया ठेव,
आत्या