टर्बोला कुलर

१३ मे, सोमवार
बायकोचा फोन. तिच्या बहिणीच्या साखरपुड्याला मी गेलो नाही (गाडीचं बोनेट उघडं होतं), तेव्हापासून कोमल माहेरी, जवळा बाजारला. म्हणाली, शेवटचं सांगून राहिले, रविवारी दुपारच्या आत न्यायला या, न्हाईतर येऊच नका. कशानंही या.
कशानंही कसा जाईन? आपल्या गाडीनं, टर्बोनंच. संकल्प : रविवारपर्यंत कोल्ड एअर इन्टेक, घरी बनवलेला. इंजिनाला थंड हवा मिळाली की पिकअप वाढतो. आवाज ऐकूनच कोमल बॅग उचलेल.

१४ मे
अडचण एकच. वसमतला थंड हवा नाही. व्हिडिओतल्या गोऱ्या लोकांचं बरं आहे, पाइप बंपरबाहेर काढला की झालं.

१४ मे, संध्याकाळ
सापडलं! कुलर! पत्र्याचा डबा, आत वाळा, वरून पाणी, त्यातून गार हवा पाइपानं थेट इंजिनात. त्या लोकांना सुचलं नाही कारण त्यांनी वसमतचा उन्हाळा काढलेला नाही. कुलर दुरुस्तीवाला मित्र अबूबकर म्हणाला, बराबर हाय, हून जाईल.

१५ मे
वाळा आमच्याच कुलरचा काढला. पाणी सोडायला गाडीचीच काच धुवायची मोटर. आई म्हणाली, या उन्हात मी मरू काय. चार दिवस कळ काढ म्हटलं. ती शेजारी नर्मदाबाईंकडे झोपायला गेली. काम करायला घर मोकळं झालं.

१६ मे
कंपनीचा एअर बॉक्स भंगारात दिला. परतीचे दोर कापल्याशिवाय माणूस लढत नाही. पाइप पीव्हीसीचा. जरा आखूड आहे. बसेल.

१७ मे
बसला नाही. गॅसवर गरम करून ओढला. बसला. फटीत एम-सील.
इंजिनचा दिवा पेटलाय. पिवळा आहे, लाल नाही. नव्या हवेची सवय होतेय त्याला.

१८ मे
कोमलला मेसेज : उद्या दहाला दारात. तिनं वाचला. उत्तर नाही. हरखली असणार.

१९ मे, रविवार, सकाळी ८
निघालो. आवाज काय सुटलाय! नर्मदाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, काहून रे, गिरणी टाकली काय?

सकाळी ९
वाटेतलं हट्टा गाव. गाडी बंद. वळणावर डब्यातलं पाणी पाइपात गेलं, पाइपातून इंजिनात. खाडकन् आवाज झाला आणि सगळं गप्प.
मागून जवळ्याची बस आली, थांबली. कंडक्टर म्हणाला, बसा, सोडतो. गाडी अशी रस्त्यावर टाकून? व्हा पुढं म्हटलं. ऊन कडक आहे, तासाभरात वाळेल.

दुपारी ३
वाळली नाही. ट्रॅक्टरला बांधून वसमतला आणली. कोमलला फोन करणार होतो, पण हात काळे होते.

२० मे
गॅरेजवाला म्हणाला, आतला रॉड वाकला, इंजिन उघडावं लागेल. उघडताना मालक समोर हवाच. दिवसभर तिथंच बसलो. कोमलचा रागही तोवर निवेल.

२१ मे
गॅरेज. इंजिन संपलं म्हणे. डिझाइन चुकलं नव्हतं, फक्त वळण आडवं आलं.

२२ मे, बुधवार
बसनं जवळ्याला गेलो. सासऱ्यांनी, उत्तमरावांनी, पाणी दिलं, जेवून जा म्हणाले. कोमल बाहेर आली. मी तिला वाळा, पाइप, रॉड, सगळं समजावून सांगितलं. बस थांबली होती तेवढं गाळलं.
तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, रविवारी बॅग घेऊन फाट्यावरच उभी व्हते. बस आली तशी इचारलं, तर कंडक्टरनं सांगितलं, तुमचे मालक हट्ट्याला गाडीपाशी उभे हायेत, चला म्हणलं तर आले न्हाईत. मी तर सकाळपासून देवाला म्हणून राहिले व्हते, ती गाडी बंद पडू दे, म्हंजे तरी बसनं येतील. देवानं ऐकलं. तुमी आलेच न्हाई.
आता ती येणार नाही. मला तिथंच रडू आलं. उत्तमराव स्टँडपर्यंत सोडायला आले.