कोरडं बनियन

आप्पा,

तिकडं तब्येत बरी आहे ना? आईचे गुडघे कसे आहेत? आत्याची धाप थांबली का? मी इथं सुरतेच्या उधन्यातच आहे. साखर मलाही लागली, पण आटोक्यात आहे.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? नव्वदच्या दशकातल्या त्या उन्हाळ्याचं बोलायचंय. तुम्ही जेवून उठलात की भिंत धरायचात, डोळे फिरायचे. गुजरातेत दारूबंदी, पण आपल्या गल्लीत काय कुठं मिळतं ते शेंबडं पोरही सांगेल. त्यात तुमचं बनियन धुताना मला घामाचे पांढरे पट्टे दिसेनात. कापडाच्या मागाच्या खात्यात माणूस भिजून निघतो, आणि आप्पा कोरडे! म्हणजे कामावर जातच नाहीत, कुठंतरी बसतात. मी जवळ येऊन तुमच्या तोंडाचा वास घेते. तुम्ही हसता, "काय करी ऱ्हायनी व माय? जर्दा शे तो." मला तर तो जर्दाही दारूवरचं पांघरूणच वाटायचा.

आठवड्याभरात तुमचं काम सुटलं. शेठ म्हणाला, पिऊन मागावर पडलास तर कोण निस्तरेल? तुमचा संशय शेजारच्या मागावरच्या धुळ्याच्या काकांवर. "एका डब्यात जेवला आन् चुगली केली," म्हणालात, आणि त्यांच्याशी बोलणं तोडलं ते कायमचं.

पुढं एकदा घरात पडलातच, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तोवर सगळ्यांनी प्रेशर स्टुलावर बसवूनच मोजलेलं. या डॉक्टरीणबाईंनी आधी आडवं निजवून मोजलं, मग म्हणाल्या, "ऊभा थाओ, दादा." पट्टा दंडालाच. दोन-तीन मिनिटांत पारा धाडकन खाली. मला वाटलं, यंत्रच बिघडलंय. मग त्यांनी विचारलं, "घाम येतो का?" बनियनाचं मीच सांगितलं. तुमच्या जुन्या साखरेनं आतल्या नसा खाल्ल्या होत्या. उभं राहिल्यावर रक्ताचा जोर सांभाळणाऱ्या, घाम आणणाऱ्या, त्याच. हे सगळं मला पुढं पुस्तकं वाचून नीट उमजलं. तुम्ही मात्र रिक्षात एवढंच म्हणालात, "आता त्या धुळेकराला हे कोण सांगणार?"

आप्पा, काकांनी काही केलं नव्हतं. तुमचा हात मागात जाईल या भीतीनं मीच मुकादमाकडे गेले होते. "आमचे आप्पा पितात, जरा लक्ष ठेवा," म्हणाले. त्या दिवशी रिक्षात सांगायला जीभ उचलली नाही, पुढंही नाही. काकाही गेल्या साली वारले, आता तिकडंच असतील. भेटले तर आधी तुम्हीच बोला. हे पत्र कुठल्या पेटीत टाकू, ठाऊक नाही. पण उत्तर लवकर लिहा, रागाचं असलं तरी चालेल.